सत्तावन्न सेकंद

कार्तिक संपत आला की भनपुरीच्या राईस मिलांकडून वास यायला लागतो. उकडलेल्या धानाचा, ओल्या बारदान्याचा, जळत्या कोंड्याचा. बाहेरून आलेली माणसं गाडीची काच खाली करतात आणि म्हणतात, वा, घरी भात शिजतोय असं वाटतं. शिजो बापडा. माझं मात्र डोकं उठतं. एरवी मी बऱ्यापैकी माणसात असते. धानाच्या ट्रका सुरू झाल्या की घरात कोणी माझ्याशी बोलायला धजत नाही, आणि बोललंच तर मी चावते.

आई गच्चीवरून वाळलेले कपडे आणते, एकेक झटकते आणि त्यावरची काळी राख मला दाखवते. "पाय, पाय हे. आमच्या भंडाऱ्याले असं नव्हतं." बाबा रेल्वेत लागले म्हणून लग्न होऊन ती रायपुरात आली. त्याला चाळीस वर्षं झाली, बाबा गेले, भंडाऱ्याचं घरही विकलं, तरी राख पडली की तिला भंडारा आठवतो. मी म्हणते, "भंडाऱ्यातबी राईस मिला आहेत न आई." ती म्हणते, "असतीन. पण त्या लोकाइच्या कपड्यावर नाही उडवत." मी पण राख झटकायला लागते. ती काळी आणि मऊ असते, आणि हात धुतले तरी नखांच्या कडेला राहून जाते.

रिंग रोडवर गतिरोधक आला की ट्रक दचकतो, ताडपत्रीखालून मूठभर धान सांडतं. मग कबुतरं येतात. मागच्या ट्रकचा भोंगा वाजेपर्यंत टिपतात, उडतात, परत येतात. सकाळी ऑफिसला जाताना सिग्नलला थांबले की मी ते बघत बसते. मला दुसरं काही बघायचं नसतं, कारण पुढच्या ट्रकवर लिहिलेलं असतं 'अभनपुर', आणि ते नाव मी वाचायचं टाळते. इतकी वर्षं झाली, टाळते म्हणजे टाळतेच.

माझं काम काय हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. मी सर्व्हर लिहिते. एकदा तिला समजावलं होतं ते असं: गिरणीवाल्यांचे धरमकाटे असतात, ट्रक त्यावर चढतो, वजन होतं. त्या काट्याच्या केबिनमध्ये एक पत्र्याचा डबा बसवलेला असतो, त्यात मोबाईलसारखं सिमकार्ड. वजन झालं की डबा ते रायपूरला कळवतो. इथे ते ऐकून घ्यायला कोणीतरी बसलेलं लागतं. ते बसणारं म्हणजे सर्व्हर. "मंग तयार मिळत नाही का?" आईनं विचारलं होतं. मिळतात, पण त्या डब्यांची भाषा जगावेगळी. बनवणाऱ्यानं कुठल्यातरी छोट्या कारखान्यात स्वस्तात बनवले, मनाला येईल तशी त्यांना बोली शिकवली आणि धंदा बंद करून तो मोकळा झाला. म्हणून त्यांच्यापुरता सर्व्हर आपणच लिहायचा. तोही अगदी पायापासून नाही लिहावा लागत. त्यासाठी फ्रेमवर्क असतं. घराच्या स्लॅबला सेंट्रिंग लागतं तसं समज. फरक इतकाच की स्लॅब सुकला की सेंट्रिंग काढून नेता येतं, हे काढता येत नाही. जे घ्याल त्याच्यासकट जन्म काढायचा. आई म्हणाली, "लग्नासारखं." मी म्हटलं, "हव."

हे 'हव' पण काकांचं. मेश्राम काका. आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. मूळचे गोंदियाचे, पण रायपुरात इतके मुरलेले की मराठी बोलता बोलता मध्येच 'हो'ऐवजी छत्तीसगढी 'हव' टाकायचे. शिक्षण बारावी आणि आयटीआय. तरुणपणी वजनकाटे दुरुस्त करायचे, त्यातून इलेक्ट्रॉनिक काट्यांवर आले, आणि मग वयाच्या चाळिशीत, लोक गुडघ्याला तेल लावायला लागतात त्या वयात, हा माणूस मागून आणलेल्या पुस्तकांतून प्रोग्रामिंग शिकला. आमच्या कंपनीचा पहिला सर्व्हर त्यांनी एकट्यानं लिहिलेला. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री होती आणि अक्कल शून्य. डब्यातून आलेले आकडे वाचायचे कसे हे त्यांनी मला शिकवलं. पेन्सिलनं, वहीच्या मागच्या पानावर. चुकले की म्हणायचे, "काहून घाई करून राहिली पोरी? डबा कुठं पळून चालला का?"

त्यांची एक सवय होती. कुठल्या केबिनचा डबा नीट बोलत नसला की ते फोनवर विचारत बसायचे नाहीत. शर्टाच्या खिशात छोटी वही, हातात स्टीलचा डबा, त्यात काकूंनी दिलेला झुणका आणि पोळ्या, आणि मोटरसायकल काढून थेट तिथे. जाऊन काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. घड्याळ बघत. कितव्या मिनिटाला टॉवर गेला, कितव्याला आला, लाईट गेल्यावर डबा किती वेळ तग धरतो, सगळं वहीत. ऑफिसातली नवी मंडळी हसायची. मी पण हसायचे, तोंडावर नाही. काका म्हणायचे, "बिघाड इथं बसून दिसत नसते. त्याच्या दारात जाऊन बसा लागते."

आमचे मालक वयानं माझ्याएवढेच, आम्ही सगळे त्यांना भैया म्हणतो. मी सांगतेय त्या वर्षी पावसाळ्यात गिरणीवाल्यांनी बेचाळीस धरमकाटे आमच्याकडे दिले. आधी होते बारा. भैयांच्या डोळ्यांपुढे अख्खं राज्य दिसायला लागलं. त्यांनी मला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "अब इसको ढंग से बनाना है. कोई पक्का फ्रेमवर्क लो. मेश्राम जी अपना वाला बताएँ, तुम अपना बताओ. जिसका फ्रेमवर्क, उसकी टीम. दूसरे के लिए मेरे पास फिर काम नहीं है, साफ बोल रहा हूँ. आपस में बैठ के तय कर लो."

साफ बोलणाऱ्या माणसाचं बरं असतं, तो बोलून मोकळा होतो. बाहेर आलो तेव्हा काकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. मला दुसरी नोकरी मिळाली असती. पुणं, हैदराबाद, कुठेही. छपन्न वर्षांच्या, बिनडिग्रीच्या माणसाला रायपुरात कोण उभं करणार होतं? हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि चहा देणाऱ्या बाईलाही माहीत होतं. म्हणजे टेबलावर दोन फ्रेमवर्क होती असं म्हणायचं, पण खरं तर काकांची खुर्ची होती.

भादवा आणि आश्विन आम्ही त्यात घालवला. आता आठवते ती खिडकीबाहेर चिंब भिजलेली स्कूटरची सीट, आणि काकांचा आवाज, हळू, कोणाला राग येऊ नये असा. त्यांचं फ्रेमवर्क जुनं, साधं. पोस्टात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा कारकून बसवावा तसं. एक डबा आला की एक कारकून त्याच्यापुढे. डबे वाढले की कारकून वाढले, जागा कमी पडली. माझं नवं होतं. त्यात एकच कारकून, पण चलाख. जो हात वर करेल त्याच्याकडे धावायचा. जगभर त्याचं कौतुक चाललं होतं. मी त्याच्यावरची भाषणं ऐकायचे, आणि ऐकताना मला वाटायचं, आपणही त्या मोठ्या लोकांपैकीच आहोत. खोटं कशाला बोलू? मला ते फ्रेमवर्क आवडलं होतं, पण त्याहून जास्त, ते आवडणारी मी मला आवडले होते.

आमच्या ऑफिसात सगळं तक्त्यानं ठरायचं. उभ्या रकान्यात दोन नावं, आडव्या ओळींत कसोट्या, प्रत्येकीला दहापैकी गुण. पंखे घ्यायचे तरी तक्ता. तक्ता मी बनवला. वेग, जागा, शिकायला सोपं, लोक किती वापरतात, असल्या ओळी. आणि मुख्य परीक्षा म्हणजे पाच हजार डबे. खरे नाहीत, एका कॉम्प्युटरवर पाच हजार खोटे डबे तयार केले आणि दोन्ही सर्व्हरवर एकदम सोडले. काकांचा सर्व्हर दीड हजारांवर धापा टाकायला लागला. माझा पाच हजारांतही गार. ऑफिसातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

मग ते म्हणाले, "पण डबे तं बेचाळीस हायेत न पोरी. बेचाळीसासाठी पाच हजाराची परीक्षा कायले घेऊन राहिली?"

"वाढतील न काका."

"वाढतीन. पण हे खोटे डबे हायेत. हे लय संस्कारी हायेत. जाताना नमस्कार करून जाते. आपले तसे नाहीत. लाईट गेली का गप होते, सांगत नाही मी चाललो म्हणून. त्याची एक ओळ टाक तक्त्यात. डबा न सांगता मेला तं काय."

"टाकते," मी म्हटलं.

टाकली नाही. विसरले नव्हते. लोक अशा वेळी म्हणतात, राहून गेलं. माझं राहून गेलं नव्हतं. काकांच्या सर्व्हरमध्ये त्याचा इलाज आधीपासून होता, त्याला ते हजेरी म्हणायचे. त्या ओळीत त्यांना दहापैकी दहा द्यावे लागले असते आणि मला शून्य, कारण माझ्या फ्रेमवर्कात त्यासाठी काय करायचं ते मी अजून वाचलंच नव्हतं. एका ओळीनं निकाल फिरला नसता, कदाचित. पण मला धोका नको होता. पेपर मीच काढला, मीच तपासला आणि मीच पहिली आले.

दिवाळीच्या आधी काका नोकरीतून गेले. निरोपसमारंभ वगैरे झाला, भैयांनी शाल दिली. काकांनी ड्रॉवर रिकामा केला: पेन्सिली, एक पेचकस, वह्या. मला म्हणाले, "जुना सर्व्हर एका बाजूले ठेवून दे, मिटवू नको. काही लागलं तं पाहाले कामी येते." मी म्हटलं, "काका, मी येत जाईन घरी." ते म्हणाले, "ये न, काकूले बी बरं वाटते." मी नाही गेले. कोणत्या तोंडानं जाणार होते?

आज त्या फ्रेमवर्कचं काय आहे ते पण सांगून टाकते. ज्यांनी बनवलं त्यांनी हात झटकले. एक दिवस त्यांच्या पानावर दोन ओळी आल्या, की यापुढे याची देखभाल होणार नाही, वापरणाऱ्यांचे आभार. बस. ज्यांच्यापायी मी माणूस घालवला, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं, असायचं कारणही नाही. पाच हजार डबे कधी आले नाहीत. बेचाळीसचे पुढे अडतीस झाले. आता नव्या मुली येतात, आमचा सर्व्हर उघडून बघतात आणि विचारतात, "मॅम, ये क्यों लिया था?" मी सांगते, त्या वेळी तेच चांगलं होतं. त्या मान डोलावतात. माझ्याहून हुशार आहेत, माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तर तो अगहनचा महिना, आपला मार्गशीर्ष. पहाटे धुकं, दुपारी पांढरं ऊन, आणि रस्त्यात जिकडेतिकडे ट्रका. ऑफिसच्या भिंतीवर मी मोठा पडदा लावून घेतला होता, त्यावर बेचाळीस दिवे. डबा जोडलेला असला की हिरवा. भैया पाहुण्यांना आणून दाखवायचे. त्या दिवशीही बेचाळीसच्या बेचाळीस हिरवे होते, आणि अभनपूरच्या काट्यावरच्या साहूंचा फोन आला. "दीदी, वजन नहीं जा रहा है. बीस गाड़ी खड़ी है."

मी पडद्याकडे बघितलं. "आपका तो हरा दिख रहा है साहू जी."

"हव दीदी, हरा होही. इहाँ तो सुबह ले बत्ती गुल रिहिस, अभी आए हे."

सकाळपासून लाईट नव्हती आणि माझ्या भिंतीवर अभनपूर हिरवंगार होतं. काय झालं ते समजायला मला तासभर लागला. लाईट गेली तेव्हा डबा न सांगता मेला. चलाख कारकून हात वर करणाऱ्याकडेच बघतो. जो हात वर करत नाही तो गप बसलाय की मेलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्या लेखी अभनपूर आत बसलेलं होतं. लाईट आल्यावर खरं अभनपूर पुन्हा दाराशी आलं, तर तो म्हणाला, तुमचं एक माणूस आधीच आत आहे. मेलेल्याची जागा धरून ठेवली आणि जित्याला बाहेर उभं केलं. नियम माझाच होता, एका डब्याला एकच जागा.

मी सर्व्हर बंद करून चालू केला. सगळे बाहेर पडले, सगळे परत आले. दोन तासांनी दुसरीकडे लाईट गेली. मग तिसरीकडे. त्यात आभाळ भरून आलं, अवकाळी. साहूंचा आवाज चढत गेला. ताडपत्र्या फाटक्या आहेत, दीदी, धान भिजलं तर गिरणीवाला घेणार नाही, ड्रायव्हर लोक शिव्या देऊन राहिले. मी तिथे जायला हवं होतं. मी रायपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. दोन दिवस असे गेले. अभनपूरला सहा गाड्यांचं धान भिजलं. साहूंनी ते सांगितलं तेव्हा ते चिडलेलेही नव्हते, नुसतं सांगितलं, आणि मला वाटलं, याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काकांचा जुना सर्व्हर उघडला. हजेरी तिथे होती, दहा-बारा ओळींत. डबा गप राहिला की सर्व्हरनं हाक मारायची, आहेस का? तीन हाकांना ओ आली नाही की त्याचं नाव कापायचं आणि जागा मोकळी करायची. दर दोन हाकांमध्ये सत्तावन्न सेकंद. आणि त्याच्यावर काकांनी इंग्रजी अक्षरांत, मराठीत, स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: साठ सेकंद गप राहिलं तर टॉवर जोडणी गिळतो, म्हणून तीन सेकंद आधी. अभनपूरला चार दिवस बसून पाहिलं. खाली नाव, मेश्राम.

चार दिवस. झुणका-पोळी घेऊन, घड्याळ बघत.

मी त्या ओळी उचलल्या आणि माझ्या फ्रेमवर्कात बसवल्या. सत्तावन्न तसंच ठेवलं, त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. वरचा मजकूर मात्र पुसला. का पुसला? कोणी वाचणार नव्हतं. नव्या सर्व्हरमध्ये जुन्याचं नाव कशाला, असं काहीतरी मनाशी म्हटलं असेल. संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. बैल गेला अन् झोपा केला, पण झोपा चांगला बसला. त्यानंतर तसा गोंधळ पुन्हा कधी झाला नाही, आजतागायत नाही. माझ्या कारकिर्दीत सगळ्यात पक्कं निघालेलं काम कोणतं विचाराल तर ते.

भैयांनी आठवड्यानं बोलावलं. माणूस व्यवहारी, पण डोळे उघडे. म्हणाले, "ये जो ठीक हुआ है, इसमें मेश्राम जी का कुछ लगा क्या? लगा हो तो बोलो. बुला लेते हैं वापस, मेरे को कोई ईगो नहीं है. तुम उनसे मिल के बात कर लो. जो ठीक लगे, मुझे बता देना." परत एकदा सगळं माझ्यावर टाकून ते फोनवर बोलायला लागले.

मी गेले. खरंच सांगायला गेले होते. छेरछेऱ्याचा दिवस होता, पौषातली पुनव, नव्या धानाचं दान मागायचा सण, ऑफिसला सुट्टी. काका बूढ़ापारा मोहल्ल्यात आपल्या साळ्याच्या दुकानात बसतात असं कळलं होतं. तलावाकडून आत गेलेली गल्ली, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीनं पाय टेकून मागे जायचं अशी. अर्धं शटर, वर पाटी, 'तराजू मरम्मत'. काका स्टुलावर बसून सोनाराचा छोटा काटा उघडून बघत होते. चष्मा नवा होता, जाड भिंगांचा. मला बघून उठले, स्वतःचं स्टूल मला दिलं आणि शेजारी रबरी शिक्के बनवणारा बसतो त्याच्याकडून दुसरं मागून आणलं. "बस पोरी, बस. केवढी वाळली तू. जेवते न टाइमावर?"

मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. काकू कशा आहेत, थंडी कशी आहे. चहा आला. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तेच म्हणाले.

"साहू भेटला होता. म्हणे, अगहनात लय घोळ झाला, अन् मंग एकदम बंद झाला. आता डब्याले हाक मारते म्हणे तुमचा सर्व्हर."

"हो काका."

"माझी हजेरी बसवली का?"

किती साधा प्रश्न. रागानं नाही, टोमणा नाही, आशेनं विचारलं त्यांनी, आणि चष्म्यातून डोळे मोठे दिसत होते. हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं: भैया बोलवतात, चला, तुमची खुर्ची तशीच आहे. मी तेवढ्यासाठीच आले होते. पण त्या एका क्षणात मला दिसलं, हो म्हटलं की काका उद्यापासून रोज माझ्यासमोर बसणार. दहा वाजता येणार, पेन्सिल काढणार, मला पोरी म्हणणार. आणि रोज मला आठवणार की मी ती ओळ टाकली नव्हती, नाव पुसलं होतं, आणि मधल्या दिवसांत सहा गाड्या धान भिजलं ते कुणामुळे. त्यांनी काही म्हटलं नसतं. तेच सोसलं नसतं मला.

"नाही काका," मी म्हटलं. "फ्रेमवर्कमध्येच होती. माझ्याकडून चालू करायची राहिली होती."

त्यांनी सोनाराच्या काट्याचं पारडं बोटानं खाली केलं, सोडलं. मग विचारलं, "सेकंद किती ठेवते ते?"

दुसरा कुठलाही आकडा सांगता आला असता. तीस, साठ, काहीही. खोटं बोलायला पण अक्कल लागते.

"सत्तावन्न," मी म्हटलं.

"सत्तावन्न?"

"त्यांच्या कागदांतच तसं लिहिलं आहे."

मला वाटलं, संपलं. आता कळणार. जगात कोणता शहाणा आपल्या कागदात सत्तावन्न लिहील? पण काकांचा चेहरा बदलत गेला, हळूहळू, आणि ते हसायला लागले. खरं हसू. मी ऑफिसात इतकी वर्षं काढली त्यांच्याबरोबर, असं हसताना पाहिलं नव्हतं. "बाप्पा रे! सत्तावन्न! पाय बरं. साठ नाही, पंचावन्न नाही." ते शेजारच्याकडे वळले. "सुन रहे हो भैया? मैं अभनपुर में चार दिन बैठ के निकाला था. अब ये बोल रही है, बाहर देश के इतने बड़े-बड़े इंजिनियर लोग, उनका भी सत्तावन ही निकला." शिक्केवाल्याला यातलं काही कळण्याचा प्रश्न नव्हता, पण तोही हसला, म्हणाला, "वाह अंकल." काकांनी त्याच्यासाठीही चहा सांगितला.

"मले तं नेहमी वाटे," ते मला म्हणाले, "का बिनशिकलेला माणूस मी, अंदाजानं चाललो. म्हणून तुझ्यासंग भांडलो बी नाही. आता बरं वाटलं पोरी. नोकरी गेली तं गेली, पण गणित बरोबर होतं." मग जरा वाकून, लहान आवाजात, खात्री करून घ्यावी तसं विचारलं, "खरंच लिहेल हाये न तसं, त्याइच्या कागदात?"

"हो काका," मी म्हटलं. "लिहिलेलं आहे."